पीएचपी: ॲरेत आधीच शून्यं भरून ठेवली, तरी १ ते १० तारखेच्या बिलात नऊ दिवस कोरे का?

पंचगंगाकाठ – रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सव्वादोनशे सभासद आहेत. सचिव माझे चुलते, त्यामुळे बिलाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात. पोटापाण्याला मी वेगळंच काही करतो. पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) व्हिडिओ बघून शिकलो, तेव्हा चुका काढा पण हलक्या हाताने.

बिल दर दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. पावतीवर प्रत्येक दिवसाचे लिटर छापायचे. एखाद्या दिवशी सभासदाने दूध घातलं नाही तर तिथे शून्य यायला हवं, ओळ गाळायची नाही. म्हणून मी ॲरेत (एकाच नावाखालची ओळीने लावलेली घरं) आधीच शून्यं भरून घेतो. कोड मोबाइलवरून देवनागरीतच लिहितोय, मनातल्या मनात इंग्रजी करून घ्या:

`$लिटर = ॲरे_फिल(१, १०, ०);`
`फॉरईच ($नोंदी ॲज $नोंद) {`
`  $लिटर[$नोंद['दिवस']] += $नोंद['लिटर'];`
`}`
`फॉर ($दि = १; $दि <= १०; $दि++) {`
`  एको $दि . ' : ' . $लिटर[$दि];`
`}`

११ ते २० चं बिल बिनचूक येतं. २१ पासूनचंही बिनचूक. पण १ ते १० च्या बिलात पहिले नऊ दिवस शून्य आणि फक्त दहावा बरोबर. आणि खरी गंमत म्हणजे खाली छापलेले एकूण लिटर अगदी बरोबर, पैसेही बरोबर!

काल एक आजी पावती नाचवत आल्या. म्हणाल्या, "नऊ दिस माझ्या म्हशीनं पान्हा चोरला व्हय रं?" पैसे पूर्ण मिळालेत म्हटल्यावर तर त्यांचा संशय आणखीच वाढला.

---

सेमीकोलन – रात्री १०:५५

आधी एरर दाखवणं चालू करा. पीएचपी तुम्हाला ओरडून सांगत असणार आणि तुम्ही कानात बोळे घालून बसला असणार.

---

हिंजवडी_फेज_० – रात्री ११:०३

सोपं आहे, `$लिटर[$दि] ?? ०` लिहा. डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं घेतं, पीएचपी ७ पासून चालतं. ॲरे आधी भरायची गरजच नाही.

---

सेमीकोलन – रात्री ११:०६

@हिंजवडी, त्याच्याकडे शून्यच येतंय. शून्याला आणखी एक शून्य पर्याय देऊन काय मिळणार? उलट `??` ने जी काही सूचना येत असेल तीही दबून जाईल.

---

निवांत_नाना – रात्री ११:२०

पहिले नऊ चुकतात आणि दहावा बरोबर येतो, हे वाचूनच मला वास आला. पण अंदाजाने औषध द्यायचं नाही. छपाईच्या आधी `व्हार_डम्प($लिटर)` टाका, म्हणजे ॲरेत काय काय आहे ते दिसेल, आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे चिकटवा. अवतरणचिन्हांसकट. चिन्हं गाळू नका, सगळी मेख तिथेच असणार.

---

पंचगंगाकाठ – रात्री ११:४१

नाना, हे घ्या. आजींच्याच खात्याचं आहे. मधल्या ओळी गाळल्यात.

`[१] => इंट(०)`
`[२] => इंट(०)`
`…`
`[९] => इंट(०)`
`[१०] => फ्लोट(६.५)`
`["०१"] => फ्लोट(६.५)`
`["०२"] => फ्लोट(६)`
`…`
`["०९"] => फ्लोट(६.५)`

हे काय? दहाच्या ॲरेत एकोणीस घरं कशी झाली?

---

निवांत_नाना – रात्री ११:५८

सापडलं. क्वेरीत (डेटाबेसकडून नोंदी मागवता त्या ओळीत) तारखेतून दिवस काढताना तुम्ही दोन अंकी दिवस देणारा फॉरमॅट वापरलाय, म्हणजे १ तारखेला '०१' येतं. बरोबर ना?

आता नीट वाचा. पीएचपीच्या ॲरेची किल्ली, म्हणजे घराचं नाव किंवा नंबर, दोनच प्रकारची असते, पूर्णांक किंवा मजकूर. मजकूर म्हणून दिलेली किल्ली नेमकी पूर्णांकासारखी लिहिलेली असेल तर पीएचपी गुपचूप तिचा पूर्णांक करतं. '१०' दिलंत की ते १० होतं. '०१' चं तसं होत नाही, कारण एक हा आकडा कोणी '०१' असा लिहीत नाही. तो मजकूरच राहतो. '+५' तसाच मजकूर राहतो. '-५' मात्र पूर्णांक होतो.

म्हणजे तुमचं १ नंबरचं घर वेगळं आणि '०१' चं घर वेगळं. दूध ओतलं जातंय '०१' च्या किटलीत, आणि पावती छापताना तुम्ही झाकण उघडताय १ च्या किटलीचं. ११ ते ३१ मध्ये पुढे शून्य लागतच नाही, म्हणून ती दोन्ही बिलं सुटली. एकूण बरोबर येतं, कारण तुम्ही बहुतेक `ॲरे_सम` वापरलंय आणि ते सगळ्या एकोणीस किटल्या मोजतं.

उपाय कुठलाही एक करा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये सरळ `डे(तारीख)` वापरा, ते आकडा देतं. किंवा पीएचपीत किल्लीआधी `(इंट)` लावा, म्हणजे तिचा पूर्णांक होईल. पीएचपीचं `डेट` वापरत असाल तर 'डी' ऐवजी 'जे'. महिन्यांचा तक्ता करणाऱ्यांना हाच खड्डा 'एम' आणि 'एन' मध्ये लागतो. तिथे जानेवारी ते सप्टेंबर गायब होतात आणि ऑक्टोबरपासून सगळं सुरळीत दिसतं. एखाद्याने प्रोग्राम ऑक्टोबरात लिहून तपासला तर त्याला तीन महिने पत्ताही लागत नाही.

---

पंचगंगाकाठ – सकाळी ६:१५

नाना, कोपरापासून नमस्कार. `(इंट)` लावला आणि नऊच्या नऊ दिवस आले.

सेमीकोलन, तुमचंही खरं निघालं. सर्व्हरवरची एरर लॉगची फाइल उघडली तर नोटपॅड गुदमरलं. पानंच्या पानं एकच ओळ, 'अनडिफाइन्ड ॲरे की "०१"'.

---

सेमीकोलन – सकाळी ८:३०

ही ओळ पीएचपी ७ पर्यंत 'नोटीस' होती, आणि तिचे शब्दही वेगळे, 'अनडिफाइन्ड इंडेक्स'. बरेच जण नोटीस बंदच ठेवायचे. २०२० च्या शेवटी ८.० आलं आणि तिची 'वॉर्निंग' झाली. तरी `+=` थांबत नाही. नसलेल्या घरात नल (म्हणजे 'काहीच नाही') आहे असं धरतं, नल अधिक साडेसहा म्हणजे साडेसहा, आणि नवं घर बांधून मोकळं होतं. पीएचपीचा हा मोकळेपणा मला अजूनही पचत नाही.

---

चांदणी_चौक – सकाळी ९:१०

मूळ प्रश्न सुटला, पण ॲरे भरण्याबद्दल एक. `ॲरे_फिल` चा दुसरा आकडा हा शेवट नसून *किती घरं* तो आकडा असतो. २१ ते महिनाअखेरच्या बिलाला तिथे काय टाकलंय? ३१ टाकलं असेल तर ५१ तारखेपर्यंत घरं तयार होतील.

---

पंचगंगाकाठ – सकाळी ९:२५

😅 ११ टाकलंय. तीस दिवसांच्या महिन्यात ३१ तारखेची शून्याची ओळ छापली जाते, तीवर सचिव पेनाने रेघ मारतात. फेब्रुवारीत तीन रेघा.

---

निवांत_नाना – सकाळी ९:५०

चुलत्यांचा पेन वाचवा.

`$शेवट = (इंट) डेट('टी', $तारीख);`
`$लिटर = ॲरे_फिल_कीज(रेंज(२१, $शेवट), ०);`

'टी' म्हणजे त्या महिन्याचे दिवस, पण `$तारीख` हा टाइमस्टॅम्प (सेकंदांत मोजलेली वेळ) असायला हवा. `ॲरे_फिल_कीज` पीएचपी ५.२ पासून आहे. मी मुद्दाम तेच वापरतो, कारण कुठून कुठपर्यंत हे वाचणाऱ्याला थेट दिसतं. आठ, नऊ, दहा की अकरा दिवस, ही बोटं मोजायला लागत नाहीत.

आणि फॉरईचची बेरीजही क्वेरीवर सोपवा. दिवसागणिक `सम` करून `ग्रुप बाय` लावा आणि पीडीओला (पीएचपीचं डेटाबेसशी बोलणारं साधन) 'फेच_की_पेअर' मध्ये मागा. दिवस किल्ली होतो, लिटर किंमत होते. मग दोन्ही ॲरे एकावर एक ठेवल्या की झालं.

---

हिंजवडी_फेज_० – सकाळी १०:०५

एकावर एक म्हणजे `ॲरे_मर्ज($शून्यं, $प्रत्यक्ष)`.

---

निवांत_नाना – सकाळी १०:१२

अहो थांबा, पाय खड्ड्यात पडतोय. `ॲरे_मर्ज` मजकुराच्या किल्ल्या जपतं, पण पूर्णांक किल्ल्या पुसून ० पासून नवे क्रमांक देतं. २१ ते ३१ ची अकरा शून्यं ० ते १० होतील आणि त्यांच्या खाली प्रत्यक्ष लिटर ११ पासून पुढे लागतील. तारखा गेल्या पंचगंगेत.

इथे `ॲरे_रिप्लेस($शून्यं, $प्रत्यक्ष)` हवं. किल्ल्या तशाच राहतात, तारखांचा क्रम शून्यांच्या ॲरेचा राहतो, आणि जिथे दूध आहे तिथे दूध बसतं. अधिकचं चिन्हही चालेल, फक्त बाजू उलटी: `$प्रत्यक्ष + $शून्यं`. अधिकमध्ये डावीकडचा जिंकतो. पण मग रिकामे दिवस शेवटी जाऊन बसतात, म्हणून वर `केसॉर्ट` करावं लागतं.

तुमचे सभासद क्रमांक कसे आहेत हो? तीन अंकी असतील तर तिथेही बघून घ्या. '००१' ते '०९९' मजकूर राहतील आणि '१००' पासून पुढचे पूर्णांक होतील. एकाच ॲरेत दोन जाती. अशा ॲरेवर `ॲरे_मर्ज` फिरवलंत तर शंभरच्या पुढचे सभासद आपला क्रमांक गमावतील आणि पहिले नव्याण्णव सुखरूप राहतील. मग जे भांडण होईल ते पीएचपीचं नसेल, भावकीचं असेल.

---

पंचगंगाकाठ – सकाळी १०:३०

तीन अंकीच आहेत. 😶 आता घरी जाऊन बघतो.

---

पायथॉनी_पाहुणा – दुपारी १:१५

सकाळ-संध्याकाळ वेगळे छापणार असाल तर जपून. `ॲरे_फिल_कीज(रेंज(१, १०), ['सकाळ' => ०, 'संध्याकाळ' => ०])` असं केलंत तर दहाही दिवसांना एकच आतली ॲरे जोडली जाईल. एका दिवशी दूध ओतलं की दहाही दिवशी दिसेल. आमच्याकडे पायथॉन भाषेत यादीला तीनने गुणून यादी केली की हाच घोळ होतो.

---

सेमीकोलन – दुपारी १:३२

पाहुणे, तुमच्या गावचा नियम इथे लागू नाही. पीएचपीत ॲरे ही किंमत म्हणून दिली जाते. सुरुवातीला मेमरीत आतली ॲरे खरंच एकच असते, पण कोणी तिच्यात लिहायला गेलं की त्या घरापुरती वेगळी प्रत निघते. वरची ओळ निर्धास्त वापरा.

तुमची भीती खरी ठरते ती ऑब्जेक्टच्या (क्लास नावाच्या साच्यातून बनवलेल्या वस्तूच्या) बाबतीत. `ॲरे_फिल(१, १०, न्यू दिवस())` लिहिलं तर दिवस एकदाच तयार होतो आणि दहा घरांत त्याच एकाच्या दहा चिठ्ठ्या पडतात. तिथे `ॲरे_मॅप(एफएन() => न्यू दिवस(), …)` असं फिरवावं, म्हणजे दर फेरीला नवा दिवस बनतो.

आणखी एक, हे क्लासमध्ये हलवाल तेव्हासाठी. क्लासच्या प्रॉपर्टीसमोर थेट `= ॲरे_फिल(…)` चालत नाही. तिथे फंक्शन बोलावता येत नाही, फेटल एरर येते. समोर `= []` लिहा आणि भरायचं काम कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करा. तेही न लिहिता नुसता ॲरेचा टाइप लावून सोडलंत तर वाचायला जाताच ७.४ पासून 'सुरुवातच केलेली नाही' म्हणून प्रोग्राम थांबतो.

---

आडवळण – दुपारी २:०५

अवांतर: पंचगंगाकाठ यांनी मोबाइलवरून देवनागरीत कोड लिहिला त्यावरून आठवलं. `$लिटर` हे व्हेरिएबलचं नाव पीएचपीत खरोखर चालतं! नावात आस्कीबाहेरचे, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचे, बाइट चालतात. पीएचपीच्या स्वतःच्या फंक्शनची नावं इंग्रजीच लागतात, ते सोडा. मी हौसेने एक छोटा प्रोग्राम असा लिहिला होता. दोन दिवसांनी रडलो. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं, एक जोडून आलेलं आणि एक 'अ' वर चंद्र ठेवून. डोळ्यांना एकच, पीएचपीला दोन वेगळी नावं. आणि '१' या आपल्या आकड्याची किल्ली केली तर ती कधीच पूर्णांक होत नाही, शोभेचा मजकूर म्हणून राहते.

---

पंचगंगाकाठ – रात्री ९:५०

सभासद क्रमांक निस्तरले. सगळीकडे `(इंट)` केला, पावतीवर छापताना तेवढी पुढची शून्यं लावतो.

आता नवी भानगड. चुलत्यांना मोबाइलवर दुधाचा आलेख हवाय. ॲरे जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) करून पाठवली तर आलेख रिकामा. ११ ते २० ची ॲरे आहे.

---

चांदणी_चौक – रात्री १०:०२

जेसनमध्ये यादी व्हायला किल्ल्या ० पासून ओळीने लागतात. तुमच्या ११ पासून आहेत, म्हणून महिरपी कंसातला ऑब्जेक्ट गेला. लिटरसाठी `ॲरे_व्हॅल्यूज` आणि तारखांसाठी `ॲरे_कीज` असे दोन भाग पाठवा.

पण मला दुसरीच काळजी आहे. फॅटच्या ॲरेतही तुम्ही शून्यच भरताय का?

---

पंचगंगाकाठ – रात्री १०:१०

हो, तेच. लिटरची ओळ कॉपी केली. का?

---

चांदणी_चौक – रात्री १०:३८

कारण दूध शून्य लिटर असू शकतं, पण फॅट शून्य असलेलं दूध कोणती म्हैस देते?

माझं माहेर दुधाचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दूध घातलंच नाही त्या वेळेला लिटर ० आणि फॅट ० असेल तर फारसं बिघडत नाही, कारण सरासरी काढताना फॅटला लिटरने गुणतात. शून्य गुणिले शून्य, तो वेळ आपोआप बाजूला पडतो. (लिटरने न गुणता नुसती फॅटची बेरीज भागिले नोंदी करत असाल तर आजच ते बंद करा.) पण वीज गेली, फॅट मशीन बंद पडलं, दूध मात्र घेतलं, असं होतं की नाही? तेव्हा लिटर ३ आणि फॅटची नोंदच नाही. तुमच्या ॲरेत तिथे शून्य बसलं.

आजींचं उदाहरण घ्या. सकाळी ३.५ लिटर, ७ फॅट. संध्याकाळी ३ लिटर, वीज नाही. ३.५ गुणिले ७ म्हणजे २४.५, भागिले साडेसहा लिटर, उत्तर ३.७७. म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅटपासून मोजतात. ३.७७ म्हणजे तुम्ही आजींची म्हैस कागदावर गाय करून टाकली! आणि या वेळी एकूण पैसेही चुकणार.

तिथे मूळ किंमत `नल` ठेवा. शून्य म्हणजे 'मोजलं, काही नव्हतं'. नल म्हणजे 'मोजलंच नाही'. मात्र नल ठेवल्यावर तीन ठिकाणी सांभाळा. `इझसेट` नलला 'नाही' म्हणतं, घर आहे की नाही ते बघायचं तर `ॲरे_की_एक्झिस्ट्स`. `ॲरे_फिल्टर` नुसतं वापरलं तर ते नलबरोबर खरी शून्यंही उडवतं, म्हणून त्याला `एफएन($फ) => $फ !== नल` द्या. आणि `ॲरे_सम` नलला शून्य समजून गप्प बसतं, काही बोलत नाही.

---

निवांत_नाना – रात्री १०:५०

ताई, हे मी चुकलो असतो. शून्य भरा, शून्य भरा, असं काल रात्रीपासून मीच सांगतोय.

---

पंचगंगाकाठ – रात्री ११:१५

चांदणी ताई, वीज जाते हो, आणि नेमकी संध्याकाळी धारेच्या वेळी. आमच्या संस्थेचा ठराव आहे की मशीन बंद असेल तर त्या सभासदाची आदल्या वेळेची फॅट धरायची. चुलते ते आजवर वहीत हाताने करत होते, म्हणून सॉफ्टवेअरचा आकडा आणि वहीचा आकडा जुळत नव्हता. मला वाटायचं वहीच चुकते.

हे बरोबर आहे का?

`फॉरईच ($वेळा ॲज $वे) {`
`  इफ ($लिटर[$वे] > ०) {`
`    $फॅट[$वे] ??= $आधीची;`
`    $आधीची = $फॅट[$वे];`
`  }`
`}`

---

सेमीकोलन – रात्री ११:२४

बरोबर. `??=` ७.४ पासून आहे, घर नसलं किंवा आत नल असलं तरच लिहितं, खऱ्या आकड्याला हात लावत नाही. `$आधीची` ची सुरुवात मात्र मागच्या बिलातल्या शेवटच्या फॅटने करा. १ तारखेच्या सकाळीच वीज गेली तर तिथे काय येणार याचा विचार केलेला दिसत नाही. आणि हे प्रत्येक सभासदासाठी नव्याने. नाहीतर एकाच्या म्हशीची फॅट दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल.

---

पंचगंगाकाठ – पाच दिवसांनी, रात्री ८:४०

उशीर झाला, बिलाची गडबड होती. ११ ते २० ची बिलं नव्या प्रोग्रामवर काढली. वही आणि कागद सव्वादोनशेच्या सव्वादोनशे खात्यांत जुळले. आदल्या वेळेची फॅट धरलेल्या ठिकाणी पावतीवर फुली छापतो.

आजींना पावती दिली. दहाही दिवस बोटाने मोजले, मग फुलीवर बोट ठेवून "ह्ये काय?" विचारलं. वीज गेलेली, म्हणून सकाळचीच फॅट धरली, असं सांगितलं. तर म्हणाल्या, सांजच्या दुधाला फॅट जास्त लागते, सकाळची का धरलीस?

चुलत्यांनी पुढच्या मीटिंगला विषय घेतलाय.